दुसरी बॅटरी

गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे बॅटरीवाला म्हणत. पन्नाशी उलटलेली, बोटांच्या टोकांवर ॲसिडचे पांढरे डाग आणि बोलणं मोजकं. त्याची ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. अजूनही ती त्याच्या दुकानात आली की आधी त्याच्या शर्टाची बटणं बघायची आणि मग त्याच्याकडे.

ताई शाळेत भूगोल शिकवायची. तीस वर्षं तिनं फळ्यावर खडूनं वाळवंटं काढली होती, पण डोळ्यांनी एकही पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर तिनं एकच हट्ट धरला. पाच दिवसांच्या वाटेवर एक आटलेलं मिठाचं सरोवर होतं, ते तिला बघायचं होतं. भावोजींनी त्यासाठी एक जुनी, उंच, चारही चाकांना जोर असलेली गाडी घेतली. मागची सीट काढून तिथं झोपायला फळी बसवली आणि फळीखाली एक छोटा फ्रिज ठेवला. तो हौसेसाठी नव्हता. ताईला वीस वर्षांपासून मधुमेह होता, दिवसातून चार वेळा इन्शुलिन टोचून घ्यावं लागे, आणि त्या कुप्या थंड राहायला हव्या होत्या.

गाडी उभी असताना फ्रिज चालवायचा, तर दुसरी बॅटरी लागते. आणि दोन बॅटऱ्या आल्या की मधे आयसोलेटर हवा. इंजिन चालू असताना तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, म्हणजे दोन्ही भरतात. इंजिन बंद झालं की त्यांचा जोड तोडतो, म्हणजे फ्रिजनं दुसरी बॅटरी पार पिऊन टाकली तरी गाडी सुरू करायला पहिली शाबूत राहते. काम एवढंच, एका डबीचं. पण ती डबी निवडण्यात भावोजींनी दीड महिना घालवला.

भावोजी सरकारी खरेदी खात्यात होते. चौतीस वर्षं त्यांनी टेंडरं उघडली, तीन भाव मागवले, तक्ते केले आणि सर्वांत खालच्या भावावर सही केली. नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती. घरात झाडू आणायचा तरी तीन दुकानं फिरायचे. आयसोलेटरचाही त्यांनी तक्ता केला, पट्टीनं रेघा मारून, आणि तो घेऊन एका दुपारी दुकानात आले.

बॅटरीवाल्यानं तक्ता नीट वाचला. मग त्यानं आपल्याला माहीत होतं ते सांगितलं. तो पंधरा वर्षं एकाच बनावटीचा आयसोलेटर बसवत आला होता. महाग होता, पण एकही परत आला नव्हता. तेवढा खर्च नको असेल, तर त्याहून पुष्कळ स्वस्त एक जुना उपाय होता: हातानं फिरवायचा पितळी खटका. गाडी थांबवली की उतरून फिरवायचा, निघताना परत फिरवायचा. विसरलात तर चूक तुमची, पण खटका दगा देत नाही.

भावोजींना ते लागलं. आपण विसरू, असं याला वाटतं की काय? आणि मग त्यांनी पिशवीतून एक खोकं काढलं. आयसोलेटर त्यांनी ऑनलाइन मागवूनच टाकला होता. आपोआप चालणारा, दोनशे अँपिअरचा, आणि तक्त्यातल्या सगळ्यांत खालच्या ओळीतला.

बॅटरीवाल्यानं ती डबी तळहातावर घेतली. हलकी होती. आत तांबं असतं तर इतकी हलकी भरली नसती. तारा कसायचे बोल्ट पेन्सिलीहून बारीक. दोनशे काय, ऐंशी अँपिअरलाही ती तापली असती.

"भावोजी, हिच्यावर लिहिलंय तेवढी ही पेलणार नाही," तो म्हणाला.

"तुझ्या दुकानातली पेलते, नाही का?" भावोजी म्हणाले. "तुझं मार्जिनही तीच पेलते."

हे साफ खोटं असतं, तर त्यानं हसून सोडून दिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी ताईच्या घरी इन्व्हर्टरची बॅटरी बसवताना त्यानं इतर गिऱ्हाइकांसारखाच नफा लावला होता, आणि भावोजींच्या हाती नेमकं मूळ बिल लागलं होतं. तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. आज बोललं गेलं. त्याचे कान तापले. त्यानं डबी बाकावर ठेवली, पाना घेतला आणि बॉनेट उघडलं.

काम मात्र त्यानं चोख केलं. जाड तार टाकली, फ्यूज बसवले, जोड झाकले. संध्याकाळी ताई गाडी बघायला आली. फ्रिजचा दिवा लागला तेव्हा तिनं झाकण उघडून आत हात घातला आणि गार हात त्याच्या गालाला लावला. सगळं नीट आहे ना, असं तिनं विचारलं. भावोजी शेजारीच उभे होते. त्यानं मान डोलावली.

ती दोघं निघाली. ताई वाटेतून फोन करायची. डोंगर संपले, झाडं संपली, माणसं संपली, असं सांगायची. पाचव्या दिवशी तिचा फोन आला की उद्यापासून फोन लागणार नाही, काळजी करू नकोस.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यानं कळलं. सरोवराच्या काठी पोचल्यावर भावोजींनी गाडी दोन दिवस एका जागी उभी ठेवली, कारण ताईचा पाय तिथून निघेना. तिसऱ्या सकाळी गाडी सुरू होईना. दोन्ही बॅटऱ्या पार बसलेल्या होत्या. फ्रिज बंद होता आणि आतलं पाणी कोमट झालं होतं. दिवस चढत गेला तशी गाडी भट्टीसारखी तापली. भावोजींनी कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळून गाडीखाली सावलीत ठेवल्या, पण प्यायचं पाणीच जपून वापरायचं होतं, तिथं फडकं किती वेळ ओलं राहणार? ताई त्याच कुप्यांमधून टोचून घेत राहिली. साखर उतरेना. दुसऱ्या दिवशी ती ओकायला लागली, तिसऱ्या दिवशी तिला भावोजींचं बोलणं कळेनासं झालं. मग एक मिठाचा ट्रक आला.

ती वाचली. सतरा दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली, पण मूत्रपिंडं आधीच दमलेली होती, ती या झटक्यातून सावरली नाहीत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, असं डॉक्टरांनी सांगितलं. किती महिने, असं भावोजींनी विचारल्यावर डॉक्टर चष्मा काढून पुसत बसले.

गाडी मोठ्या ट्रकवर लादून दुकानात आली. बॅटरीवाल्यानं शटर अर्धं ओढून घेतलं आणि ती डबी सोडवून फोडली. आतले दोन्ही संपर्क वितळून एकमेकांना चिकटले होते. इंजिन बंद झाल्यावरही ते उघडलेच नव्हते. फ्रिजनं आधी दुसरी बॅटरी संपवली आणि मग निवांतपणे पहिलीही. तो स्टुलावर बसून राहिला. त्याला नवीन काहीच कळलं नव्हतं. हे असं होईल हे त्याला दीड मिनिटात कळलं होतं, त्या दुपारी, तळहातावर वजन घेतलं तेव्हाच.

दोन दिवसांनी भावोजी आले. दाढी वाढलेली, शर्टाची कॉलर मळलेली. ते आत आले नाहीत, उंबऱ्याशीच उभे राहिले आणि काय बिघडलं होतं, असं त्यांनी विचारलं. बॅटरीवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं की बॅटऱ्याच बसल्या, तिकडचा उन्हाळा फार वाईट. भावोजींनी दोनदा मान हलवली. उन्हाळा फार होता खरा, असं म्हणाले आणि निघून गेले.

डायलिसिसला ताईला न्यायचं काम दोघांनी वाटून घेतलं. गुरुवार बॅटरीवाल्याकडे आला. नेताना ती गप्प असे. येताना तिला थंडी वाजायची, मग ती शाल लपेटून बोलायची. असंच एकदा ती सरोवराविषयी बोलली. तिथलं मीठ पांढरं नसतं म्हणे. सकाळी राखाडी, दुपारी डोळ्यांत खुपेल असं आणि संध्याकाळी गुलाबी. आपण तीस वर्षं मुलांना पांढऱ्या खडूनं दाखवत आलो, असं म्हणून ती थोडी हसली. मग म्हणाली, "तुला माहीत होतं ना?"

तो सिग्नलला थांबला होता. आधी त्याला वाटलं, ती मिठाविषयीच बोलतेय.

"त्या दिवशी मी फ्रिज बघायला आले," ती म्हणाली, "तेव्हा तू माझ्याकडे न बघता मान डोलावलीस. लहानपणी दप्तर हरवून यायचास तेव्हा अशीच डोलवायचास."

तो म्हणाला, "हो. माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"भावोजी चिडले होते."

"ते माझ्यावर रोज चिडतात. म्हणून मी बोलायची थांबते का?"

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवू लागले. तो गाडी चालवत राहिला. खूप वेळानं त्यानं तिला मार्जिनचं सांगितलं, मूळ बिलाचं सांगितलं. ती ऐकत होती. सांगून झाल्यावर त्याला ते सगळं इतकं क्षुल्लक वाटलं की त्याची त्यालाच शिसारी आली.

घराच्या फाटकाशी त्यानं विचारलं, भावोजींना हे सांगू की नको. ते आता रात्रंदिवस तिचं करत होते, पथ्याचं रांधत होते, पाणी मापून देत होते. हे कळलं तर ते मोडून पडतील.

"ते तू ठरव," ताई म्हणाली. "पण माझं निमित्त करून गप्प राहू नकोस. एकदा राहिलास तेवढं पुरे."

रविवारी तो गेला. ताई झोपली होती. भावोजी स्वयंपाकघरात दुधीच्या फोडी उकळून पाणी काढत होते, कारण भाजीतला क्षार असाच उतरवायचा असतो. बॅटरीवाल्यानं खिशातून ती फोडलेली डबी काढून ओट्यावर ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बॅटऱ्या बसल्या हे अर्धंच खरं होतं, हेही.

भावोजींनी गॅस बंद केला. डबीला हात लावला नाही.

"मला त्या मिठाच्या ट्रकवाल्यानंच सांगितलं होतं," ते म्हणाले. "बॉनेट उघडलं, डबीचं फुगलेलं झाकण दाखवलं आणि म्हणाला, साहेब, हे वितळलंय. मला माहीत होतं रे. तुझ्याकडे मी खोटं ऐकायला आलो होतो."

मग भावोजींनी ओट्याच्या खणातून तो पट्टीनं रेघा मारलेला तक्ता काढला. घडी पडून पडून तो मधे फाटला होता. खटक्याची ओळ त्यात नव्हतीच, असं ते म्हणाले. ती लिहायला हवी होती. सर्वांत कमी भाव तर खटक्याचाच होता. हे ते एखाद्या फायलीवर शेरा मारावा तसं बोलले आणि मग ओट्याला धरून खाली बसले. बॅटरीवाल्यानं त्यांना उठवलं नाही. तो त्यांच्याजवळ फरशीवर बसला. वर दुधीचं पाणी निवत होतं.

ताई त्यानंतर अकरा महिने जगली. गुरुवार गुरुवारच राहिला, पण आता भावोजीही बरोबर यायला लागले. तिला आत घेतलं की चार तास दोघं बाहेरच्या बाकावर बसत. भावोजी बॅटऱ्यांविषयी विचारत: आम्ल किती, तांबं किती जाड लागतं, संपर्क वितळायला किती वेळ लागतो. बॅटरीवाला सांगत असे. काही प्रश्न ते दुसऱ्यांदा विचारत, तिसऱ्यांदाही. तो परत पहिल्यापासून सांगे. अकराव्या महिन्यातल्या एका गुरुवारी आतून परिचारिका आली आणि तिनं भावोजींना नावानं हाक मारली, नेहमीसारखं "आजींच्या सोबतचे" असं म्हटलं नाही. बॅटरीवाला तेव्हा तारेच्या जाडीविषयी सांगत होता. भावोजी उठले नाहीत.

"पुढं सांग," ते म्हणाले.

त्यानं वाक्य पूर्ण केलं. मग भावोजींच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि दोघं आत गेले.