त्यांची बाजू

वायरमन आंघोळ करून बाहेर आला तेव्हा दार उघडे होते आणि दाराशी स्टूल होते.

वरची कडी त्याने मुद्दाम बसवली होती, बायकोचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. सकाळी काय खाल्ले ते तिला दुपारी आठवत नसे, त्यामुळे स्टूल आठवेल असे त्याच्या मनातही आले नव्हते. त्याने हाक मारली. स्वयंपाकघर, गच्ची, जिन्याखालची अंधारी जागा, सगळे पाहिले. तिची चप्पल जागच्या जागी होती. ती अनवाणीच गेली होती.

मुलीला फोन केला तेव्हा ती ड्यूटीवर होती. नर्सच्या गणवेशातच ती धावत आली. तोवर वसाहतीतली माणसे कामाला लागली होती. कुणी बसथांब्यावर गेले, कुणी बाजारात, कुणी उगाच आपल्याच घरातल्या खाटांखाली वाकून आले. वसाहतीचे सेक्रेटरी हातात फोन घेऊन चौकात उभे होते आणि येईल त्याला दिशा वाटून देत होते. माणूस तोंडाळ होता, पण अशा वेळी उपयोगाचा.

"झाडीत बघितलं का?" सेक्रेटरींनी विचारले.

"आपल्या बाजूला बघितलं," वायरमन म्हणाला. "बाकांवर नाही. वाटेवर कुणी नाही."

"आणि त्या बाजूला?"

"तिकडं माणूस जाऊच शकत नाही."

हे तो ठामपणे म्हणाला, कारण ती सोय त्यानेच केली होती.

नोकरीची सगळी वर्षे वायरमनने विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या तोडण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर वसाहतीमागच्या बंद पडलेल्या वीटभट्टीच्या जमिनीवर तो रोपे लावू लागला, तेव्हा लोकांना आयताच विषय मिळाला. जन्मभर झाडांचे हात तोडले, आता पाय धरतोय, असे सेक्रेटरी चारचौघांत म्हणाले होते. वायरमनही हसला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याने सेक्रेटरींच्याच हातात कुदळ दिली होती. हळूहळू सगळी वसाहत आली. भाजलेल्या मातीत खड्डे खणून हातांना फोड आले. अर्धी झाडी माणसांची ठरली. तिथे सावली, बाक, मुलांना पळायला वाट. उरलेली अर्धी पाखरांची आणि जनावरांची. तिला बायकोने नाव दिले, 'त्यांची बाजू'.

तिकडे बोरी आणि बाभळी दाट लावल्या आणि भोवती सुक्या काट्यांचे उंच कुंपण घातले. कुंपण बंद झाल्यापासून आत कुणीही गेले नव्हते, वायरमनही नाही. एकदा त्याला फार मोह झाला होता, तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, पाहुणे आले की घरच्यांची धांदल होते. कशाला जायचं त्यांच्याकडं?" तेव्हा तिचे डोके चांगले चालत होते. त्याच्यापेक्षा बरेच चांगले.

कुंपणाच्या बुडाशी त्याने ठिकठिकाणी भोके ठेवली होती. ससे, मुंगूस, एखादा कोल्हा जाईल एवढी. माणसाचे मूलही जाणार नाही अशी. आणि मधोमध तळे खणले होते. उन्हाळ्यात आटू नये म्हणून मधे पुरुषभर खोल. कठडा बांधा, असे सेक्रेटरी तेव्हा म्हणाले होते. प्यायला येणारे कठडा ओलांडत नाहीत, असे म्हणून त्याने ते उडवून लावले होते.

मुलगी कुंपणाच्या कडेकडेने चालत गेली होती. तिची हाक आली तेव्हा उन्हे उतरायला लागली होती.

एका भोकाच्या वरच्या काट्याला निळी लोकर अडकली होती. आईच्या स्वेटरची. भोक जनावरांच्या रोजच्या ये-जा करण्याने थोडे मोठे झाले होते, आणि बायको या दोन वर्षांत किती वाळली होती हे त्याने रोज तिला जेवू घालताना पाहिले होते; पण त्या भोकाशी तिचे माप लावून पाहावे, हे कुणाच्या मनात येईल?

वायरमन गुडघ्यांवर बसला. भोकात त्याचे खांदेही मावेनात. त्याने आत तोंड घालून हाक मारली. आत काहीतरी पळाले आणि मग सगळे शांत झाले. कुंपण, काटे, साप, काहीच त्याला आठवेना. तळे तेवढे आठवत होते. त्याच्या चिकण मातीच्या काठावर पाय ठरत नसे, आणि ती माती त्याने स्वतः थापली होती.

सेक्रेटरी धापा टाकत आले. "मशीनवाल्याला बोलावलंय. पलीकडून सरळ तळ्यापर्यंत वाट पाडतो. तुम्ही इकडून कोयता चालवा."

वायरमन झाडीकडे बघत राहिला. वरच्या फांद्यांत घरटी दिसत होती. चोची उघडून पिल्ले ओरडत होती.

"बाबा," मुलगी म्हणाली, "विचार कसला करताय तुम्ही?"

क्षणभर त्याच्या मनात खरोखर झाडे आली होती, आणि मुलीला ते कळले होते. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने कोयता घेतला आणि कुंपणावर पहिला घाव घातला.

हात जुना होता, सवयीचा होता. बाभळीची कोवळी खोडे एका घावात पडत होती. काटे दंडात, मानेत घुसत होते. मुलगी मागून फांद्या ओढत होती, मग तीही मागे राहिली. आत इतका काळोख असेल असे त्याला वाटले नव्हते. आपणच लावलेल्या झाडांत त्याला दिशा कळेना. सुरुवातीला तो हाका मारत होता. नंतर त्याने हाका मारणे बंद केले, कारण प्रत्येक हाकेनंतरची शांतता त्याला ऐकवत नव्हती.

तळे अचानक समोर आले. ते त्याने खणले होते त्याहून मोठे वाटत होते, काठावर गवत माजले होते. पाण्याला लागून निळा स्वेटर पडला होता, एक बाही पाण्यात.

त्याच्या हातून कोयता पडला. तो तसाच पाण्यात शिरला. पाणी गार होते. मांड्यांपर्यंत, मग छातीपर्यंत. तो पायांनी तळ चाचपू लागला. गाळ, मूळ, दगड. प्रत्येक वेळी पायाला मऊ काही लागले की तो थबकायचा. लागू नये, लागू नये, असे तो मोठ्याने म्हणत होता. एकदा त्याने डोळे मिटून पाण्यात हात घातला. हाताला कुजक्या पानांचा लगदा लागला.

"भाऊ, पाण्यात उतरू नका हो. प्यायला येतात ते तिथं."

तो वळला. बोरीच्या झुडपाखाली, गवतात, बायको मांडी घालून बसली होती. कपाळावर ओरखडे, केसांत काटक्या, तळपाय रक्ताने माखलेले. चेहरा मात्र निवांत होता.

त्याचा जीव भांड्यात पडला. तो रडतच काठावर आला. घसरला, पुन्हा उठला. तिला जवळ घ्यायला त्याने हात पुढे केले तशी ती मागे सरकली.

"अंगाला हात नका लावू," ती म्हणाली. आवाजात भीती होती.

त्याने हात खाली घेतले. कुणाच्या तरी अंगणात न विचारता शिरल्यासारखे त्याला झाले. त्याच्या कपड्यांतून पाणी गळत होते.

तेवढ्यात पलीकडून मशीन सुरू झाले. झाडे मोडल्याचा आवाज आला आणि पाखरांचा एकदम गलका उठला. ती दचकली आणि काकुळतीला येऊन त्याच्याकडे बघू लागली.

"भाऊ, त्यांना सांगा ना. आमच्या ह्यांनी लावलंय हे सगळं. ह्यांनी बघितलं तर फार लागेल त्यांच्या जिवाला."

वायरमनने ओल्या हाताने डोळे पुसले.

"सांगतो, वहिनी," तो म्हणाला.

तो झाडीकडे तोंड करून, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला. ती सापडल्याचे सांगितले, मशीन थांबवा म्हणून सांगितले. दोनदा सांगावे लागले. मग आवाज थांबला. लांबून मुलगी "आई" म्हणून हाक मारत होती, पण ती हाक आपल्यासाठी आहे हे बायकोच्या गावीही नव्हते.

"आता घरी चला," तो म्हणाला. "अंधार पडेल. वाट केलीय मी."

"तुमच्याबरोबर कशी येऊ?" ती म्हणाली. "हे येतील ना मला न्यायला. त्यांना ठाऊक असतं मी कुठं असते ते."

"येतील," तो म्हणाला.

"तुम्ही जा, भाऊ. तुम्ही भिजलात. तुमच्या घरी काळजी करत असतील."

"ते येईपर्यंत थांबतो," वायरमन म्हणाला, आणि तिच्यापासून चार हात अंतर ठेवून खाली गवतात बसला.