आतड्यातलं कुरण

बाजी मेंढक्याने एक डोळा घट्ट मिटला आणि दुसरा भिंगाच्या नळीला लावला. आधी नुसतं धुकं दिसलं. मग ढोरांचे डॉक्टर हैबतराव यांनी खालचा आरसा उन्हाकडे वळवला, तसं आत गुलाबी गवत उभं राहिलं, दाट आणि ताठ.

"हे मेंढीचं आतडं," डॉक्टर म्हणाले. "पातळ कापून, रंगवून काचेवर घेतलंय."

बाजी चक्रावला. सारा जन्म मेंढरांत गेला, पण मेंढराच्या आत असलं काही असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. धरणाचं पाणी ओसरलं की काठाला कोवळं गवत फुटतं. महिनाभर तो कळपाला तेच चारत होता, तरी अकरा मेंढरं हगवणीने वाळून मेली. "अवं, वर कोरड्या माळावर चला," असं त्याची बायको बानूबाई रोज म्हणायची, आणि बाजी तिला वेड्यात काढायचा. माळावर काय, दगडं चारायची?

डॉक्टरांनी दुसरी काच सरकवली. इथे गवत पार खुरटलेलं, मधेमधे जमीनच उघडी.

"यातली निरोगी कोणती, सांग बघू."

हे तर बाजीला झोपेतही सांगता आलं असतं. "हीच की! रान चरल्यालं दिसतंय, म्हंजी मेंढरानं पोटभर खाल्लंय. पैलं उपाशी मेलं आसंल, गवताला तोंडच लावल्यालं न्हाई."

डॉक्टर हसले नाहीत. "उलटं आहे, बाजी. हे गवत नव्हे, आतड्याचेच कोंब आहेत. खाल्ल्याचा कस तेच ओढून घेतात. पहिली मेंढी कड्यावरून पडून मेली, ती धडधाकट होती. दुसरी तुझी. तिचे कोंब जंतांनी झिजवले. ते जंत ओल्या गवताबरोबर पोटात जातात."

"पर तिच्या पोटात चारा व्हता की!"

"होता. अंगी लागत नव्हता."

बाजीचं डोकंच चालेना. भरल्या पोटी उपाशी? मग जी मेंढी जास्त सुकली तिला तो जास्त हिरव्यात नेत होता, ते काय करत होता? बानूबाई शेजारीच उभी होती. तिने नुसतं माळाकडे बघितलं, आणि तेच त्याला फार लागलं.

डॉक्टरांनी जंताचं औषध पाजलं. बाजीने कळप माळाकडे वळवला. पण हाडांचा सापळा झालेली त्याची लाडकी मेंढी चंद्री सवयीने काठाकडे निघाली. कालपर्यंत तोच तिला उचलून तिथे नेत होता. आज तो काठी आडवी धरून उभा राहिला. चंद्री थबकली आणि त्याच्या तोंडाकडे बघून ओरडली.

"न्हाई गं बाई," तो म्हणाला, आणि त्याला रडू आलं. समोर हिरवं असताना हाच माणूस आज का आडवतोय, हे तिला कळत नव्हतं. खरं तर त्यालाही अजून नीट कळलं नव्हतं.