सत्तावीस अंश

घराला स्वतःचा मेंदू असला, की माणसाला घाबरायचे कारण उरत नाही. चारुदत्त हे वाक्य मनातल्या मनात म्हणत बेसमेंटच्या जिन्यात उभा होता, आणि त्याला खाली उतरायची भीती वाटत होती.

बाहेर उणे एकतीस होते. खाली घर तापवणारी म्हातारी फर्नेस सकाळपासून गप्प होती. ‘हा हिवाळा काढेलही, पण मी शब्द देत नाही,’ असे तपासायला आलेल्या माणसाने सांगून ठेवले होते. त्यावर उपाय म्हणून चारुदत्तने कालच हॉलमध्ये स्मार्ट थर्मोस्टॅट बसवला होता, घरातले तापमान मोजून फर्नेस आपोआप चालू-बंद करणारा. स्वतःच्या हाताने, व्हिडिओ बघून.

“काय म्हणतोय तुझा थर्मोस्टॅट?” वरून शुभदाने विचारले. तिच्या जॅकेटच्या आत दीड महिन्याची ऊर्मी होती.

त्याने फोन पाहिला. “घरात सत्तावीस आहे म्हणतोय.”

“मग माझ्या तोंडातून वाफ कशाची निघतेय? चहाची?”

वायर चुकली असेल, नाहीतर फर्नेस गेली असेल. तो खाली गेला, बटण बंद-चालू केले, पत्र्यावर हात ठेवला. पत्रा गार होता. मेकॅनिक उद्या येणार होता. तोवर पाणी गोठून पाइप फुटतील, हे त्याला माहीत होते. ऊर्मीचे काय होईल, हे माहीत करून घ्यायचे नव्हते.

वर हॉलमध्ये त्याची आई समईत बाटलीतले उरलेसुरले तेल घालत होती. नागपूरहून आल्यापासून तिला एकच गोष्ट खुपत होती: देव मसाल्यांच्या कपाटात होते. आज सकाळी तिने ते हॉलच्या पूर्वेच्या भिंतीवरल्या फळीवर मांडले. समईच्या पाचही वाती तेव्हापासून तेवत होत्या. त्यांच्या वर वीतभर अंतरावर थर्मोस्टॅट.

“आई, चल. गाडी गरम केलीये. माझ्या मित्राकडे, निमिषकडे जाऊ.”

“तुम्ही व्हा पुढे. फर्नेस सुरू होईस्तोवर दिवा विझू देणार नाही. बोललेय मी तसं देवाला.”

“आई, ऊर्मीशेजारी बसायला कोणीतरी हवं ना,” शुभदा म्हणाली.

मग आई उठली. दोनदा मागे वळून पाहत गाडीत जाऊन बसली.

चारुदत्त पाणी बंद करायला मागे राहिला. मुख्य नळ फिरवला, पाइपांतले पाणी काढायला सिंकपाशी बराच वेळ उभा राहिला. हॉलमध्ये आला तेव्हा समईतले तेल संपले होते, वातींतून धूर निघत होता. वर थर्मोस्टॅटवरचा आकडा उतरत होता. एकवीस. पंधरा. अकरा.

बेसमेंटमध्ये धप्प आवाज झाला, आणि फर्नेस घरघरू लागली.

त्याने गाडीतून सगळ्यांना आत बोलावले. आईने जाळीतून येणाऱ्या गरम हवेवर हात धरला, डोळे मिटले. मग तिचे लक्ष समईकडे गेले.

“चारू, आधी विझली की नंतर?”

“नंतर,” तो म्हणाला.

संध्याकाळी देव पुन्हा मसाल्यांच्या कपाटात होते.