आईलासुद्धा नाही

चतुराबाईने दोन्ही हात पुढे केले. लेकाच्या मुंडण केलेल्या डोक्यावरून फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडायची होती. तोच म्हातारे भंते मध्ये आले.

"बाई, स्पर्श करू नका. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, बसत नाही."

हात तसेच राहिले. दारात बघायला आलेली शेजारीण नर्मदाबाई पदराआड हसली. वालूरच्या या वस्तीला चतुराबाईने महिनाभर ऐकवलं होतं की माझा भुजंग पूर्णेची रेल्वेतली नोकरी सोडून भिक्खू झाला, अन् तुमच्या पोरांना साध्या बिड्या सुटंनात. आईबापाच्या परवानगीवाचून संघ कुणाला घेत नाही, हा खुद्द बुद्धाचा नेम. ती परवानगी मागायला हेच भंते आले, तेव्हा तिने चार माणसांत मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं होतं. हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"आईला बी न्हाई?"

"आईलासुद्धा नाही."

"अन् किती दिस?"

"अंगावर चीवर आहे तोवर."

तिने लेकाकडे पाहिलं. भुजंग मान खाली घालून उभा होता. पायाचा अंगठा तेवढा सारवलेली जमीन उकरत होता.

मग तिची जीभ सुटली. आमी बुद्धाची दीक्षा घेतली तवा शिवाशिव सरली म्हणून तुमीच सांगितलं, आन् आता ही घरातच कुठली काढली? भंते शांतपणे म्हणाले की हा विटाळ नव्हे, मन गुंतू नये म्हणून नेम आहे. कुणाचं मन, त्याचं का माझं, असं तिने विचारलं.

"आई, पाणी," भुजंग हळूच म्हणाला आणि खाली बसला. त्याने ओंजळ धरली.

ती तांब्या घेऊन आली. हातभर वरूनच तिने बारीक धार सोडली. ना बोट लागलं, ना पदर, ना शिंतोडा उडाला.

भंतेंना बरं वाटलं. "अगदी असंच द्यायचं, बाई. कुणी शिकवलं?"

"पाटलिणीनं," चतुराबाई म्हणाली. "हिरीवर. जलमभर."

भुजंगची ओंजळ उकलली. पाणी चीवरावर सांडलं. वर न बघता त्याने ती पुन्हा जुळवली.

तिने पुन्हा धार सोडली, तेवढ्याच उंचीवरून.