'ड'ची पायरी

पिकअपच्या पायरीच्या आतल्या बाजूला 'ड' लिहिलेलं होतं. पांढऱ्या ऑइलपेंटनं, घाईघाईत. दुसऱ्या पायरीवरही काहीतरी लिहिलेलं असणार, पण दादानं गंज काढायला तारेचा ब्रश असा काही चालवला होता की तिथे नुसतं चकचकीत लोखंड उरलं होतं.

"ड म्हणजे डावी," दादा म्हणाला आणि पिकअपखाली शिरला.

मी लाँड्रीच्या काउंटरवर बसते. आमच्याकडे चिठ्ठीवर 'ड' लिहिलं की त्याचा अर्थ डाग. म्हणून मला वाटलं, लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाच विचारावं. या पायऱ्या नटबोल्टकाकांकडून आणल्या होत्या. ते जुन्या गाड्या मोडून त्यांचे भाग विकतात, आणि आमच्याच मॉडेलच्या एका मोडीत निघालेल्या पिकअपच्या या पायऱ्या त्यांनी स्वतः काढल्या होत्या.

"काकांना एक फोन करू का?"

"डावीला डावी नाही तर काय डांबर म्हणतात?" गाडीखालून आवाज आला.

आमचा दादा फरशी बसवतो. फरशीचा कोपरा एका रेषेत यावा म्हणून दिवसभर उकिडवा बसेल, पण फोन करून कुणाला काही विचारायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. मलाही लगेच राग येतो. आम्ही दोघं एका कामाला लागलो की शेजारी खिडक्या लावून घेतात.

आई दारात खुर्चीवर तयार होऊन बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत शाल आणि पाण्याची अगदी छोटी बाटली. जास्त पाणी तिला चालत नाही. तिचं डायलिसिस चालू आहे. गुडघे गेलेत, त्यामुळे साध्या गाडीत खाली वाकून बसता येत नाही, आणि एकदा बसली तर उठता येत नाही. पिकअपची सीट तिला बरोबर, पण पिकअप उंच. म्हणून आजवर दादा काखेत हात घालून आणि मी पाय धरून तिला वर चढवत होतो. मागच्या वेळी हॉस्पिटलच्या फाटकातच उतरवताना तिचे कपडे वर सरकले आणि रांगेतली माणसं बघत राहिली. त्यानंतरच्या वेळी ती घरातून निघालीच नाही.

"मी पोतं नाही," एवढंच म्हणाली. "माझी मी चढेन तेव्हा येईन."

अँब्युलन्सचं नाव काढलं तर तोंड फिरवून बसली. तेव्हापासून पावलं सुजली होती. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून ती बसल्या बसल्याच झोपत होती. डॉक्टरांनी सकाळी फोनवर स्पष्ट सांगितलं की आज आणलं नाहीत तर फुप्फुसात पाणी भरेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही. तर असा सगळा जीव त्या दोन लोखंडी पायऱ्यांवर टांगलेला होता.

डावीकडची बसेना. मागचं भोक जुळलं, पुढचं जुळेना. दादानं कानस काढली आणि भोक घासून लांबट करायला घेतलं. मग हातोडीचे घाव सुरू झाले.

"ज्या गाडीची पायरी त्याच गाडीला लागत नसेल तर काहीतरी चुकतंय," मी म्हटलं.

"जुनी गाडी आहे. वाकली असेल."

"गाडी वाकली नाही. तुझं डोकं वाकडं आहे. काकांना विचारायला काय जातं तुझं?"

दादानं डोकं बाहेर काढलं. कपाळावर गंजाचा भुगा. "हे बघ, पायरी सोडून बोलू नकोस. मोठा कोण आहे?"

"पायरी सोडून तूच बोलतोयस. ती बघ, लोंबतेय."

"भांडायचं असेल तर मी आत जाऊन झोपते," आई म्हणाली.

आवाज चढवला नव्हता तिनं. तेवढा दमच नव्हता. पण ती खरंच उठून आत जाईल हे दोघांनाही ठाऊक होतं. मी तोंड मिटलं. दादानं बोल्ट आवळले, उजवीकडची पायरीही तशीच ठोकून बसवली, आणि दोन्हींवर उभा राहून उड्या मारून दाखवल्या. हलल्या नाहीत.

मग आई आली. एक हात दाराच्या चौकटीला, एक पाय पायरीवर. आम्ही दोघं हात पुढे करून उभे होतो, पण लावायची हिंमत नव्हती. ती जरा थांबली, श्वास घेतला आणि वर गेली. सीटवर बसून तिनं साडी नीट केली, पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघत म्हणाली, "चला." मला एकदम भरून आलं. दादा नाक पुसत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. मला लाँड्री उघडायची होती, म्हणून मी मागे राहिले.

गाडी वळली आणि मी हत्यारं आवरायला लागले. एक लांब बोल्ट आणि दोन जाड वायसर उरले होते. पान्याच्या पेटीत दादाचा फोन पडलेला, टॉर्च चालूच. गाडीखाली उजेडाला घेतला होता तो तसाच राहिला. मी टॉर्च बंद केला आणि आता अडवायला कुणी नाही म्हणून माझ्या फोनवरून काकांना विचारलं, हा बोल्ट कुठला.

"ड्रायव्हर साइडचा," काका म्हणाले. "ड लिहिलंय की पायरीवर. दुसरीवर क्ल आहे, क्लीनर साइड."

ड्रायव्हर उजवीकडे बसतो.

"काका, ड आम्ही डावीकडे लावली."

ते म्हणाले, "बसली कशी? ती फिरवून लावली की तिची लांब लोखंडी पट्टी पुढे येते. तिथून ब्रेकची नळी जाते. गाडी हलवू नका. जरा जमिनीवर बघा, ओलं आहे का?"

गाडी उभी होती तिथे, डाव्या अंगाला, तळहाताएवढा डाग होता. बोट लावलं तर पाणी नव्हे, बुळबुळीत. पेट्रोल पंपापुढे हॉस्पिटलचा रस्ता म्हणजे सगळा उतार, आणि उताराच्या तळाशी बसचा चौक.

आईला फोन लावला. तिनं उचलला.

"आई, दादाला गाडी थांबवायला सांग. पायरी उलटी लागलीय आणि..."

"परत तेच?" आई म्हणाली. "मी चढले ना नीट? तुमचं भांडण घरी ठेवा."

घाईत माझ्या तोंडी आधी पायरी आली आणि ब्रेक मागे राहिला. पुन्हा लावला तर फोन बंद. ती तसंच करते, आम्ही भांडायला लागलो की.

स्कूटर काढली. कुलूप लावलं की नाही ते आजही सांगता येणार नाही. बाजाराची गल्ली, शाळेची भिंत, पेट्रोल पंप. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता समोर गर्दी दिसेल आणि मधोमध पिकअप. आई घरी आत जाऊन झोपली असती तर बरं झालं असतं, असंही मनात येऊन गेलं, आणि लगेच तिची ती धाप आठवली. दादाला मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

उताराच्या सुरुवातीला गाडी दिसली. मागचे लाल दिवे लागत होते, विझत होते, पुन्हा लागत होते. गाडीचा वेग काही कमी होत नव्हता. मी ड्रायव्हरच्या बाजूनं स्कूटर घातली. काच खाली होती. दादाचा चेहरा पांढराफटक, पाय नुसता वरखाली. त्याला कळलं होतं.

"हँडब्रेक ओढ," मी ओरडले. "गिअर खाली घे. फुटपाथला घास."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं एका फटक्यात ऐकलं. इंजिन किंचाळलं. गाडी डावीकडे ओढली गेली आणि ती ठोकून बसवलेली पायरी फुटपाथच्या दगडाला खरडत ठिणग्या उडवत गेली. गाडी थांबली तेव्हा चौक दिसत होता आणि त्यातून एक बस आरामात वळत होती.

दादा उतरला, गाडीखाली वाकला आणि हात बाहेर काढला तो ब्रेक ऑइलनं ओला. हाताकडे बघत राहिला. मी खूप काही बोलणार होते. सगळं तयार होतं. पण त्याचा तो हात पाहिला.

"ड म्हणजे ड्रायव्हर," एवढंच सांगितलं.

तो मान हलवत राहिला.

हॉस्पिटलचं फाटक रस्त्याच्या कडेलाच, हाकेच्या अंतरावर होतं. आई आत ताठ बसली होती, पिशवी घट्ट धरून. मी दार उघडलं. खाली पायरी नव्हती. कानसलेल्या भोकातून बोल्ट निसटून ती एका टोकावर रस्त्यात लोंबत होती. आईनं ते पाहिलं. तिची छाती जोरात वरखाली होत होती. आता वेळ घालवून चालणार नव्हतं. मी हात पुढे केले.

"उचलायचं नाही," आई म्हणाली.

"आई, ऐक ना, आजचा दिवस..."

"नाही."

रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली होती. मला रडू यायला लागलं. आता ही इथेच बसून राहणार आणि फाटक समोर दिसत असताना सगळं संपणार, असंच वाटलं.

दादानं मला बाजूला केलं. तो दारासमोर रस्त्यावर एक गुडघा टेकून बसला, फरशी बसवताना बसतो तसा. दुसरी मांडी पुढे केली, आडवी, सरळ, आणि तिच्यावरचा गंज हातानं झटकला.

"ठेव पाय," तो म्हणाला. "ही निघणार नाही."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग चप्पल काढायला वाकायला लागली.

"असू दे. चपलेसकट ठेव."

तिनं एक हात चौकटीला धरला, दुसरा त्याच्या डोक्यावर टेकला आणि सगळा भार त्याच्या मांडीवर टाकून खाली उतरली. आपली आपण. रस्त्यावर उभी राहून श्वास सापडेपर्यंत तिनं त्याचे केस मुठीत धरून ठेवले होते. दादा तसाच गुडघा टेकून राहिला.

"आज कळली तुला तुझी पायरी," आई म्हणाली, आणि माझा हात धरून फाटकाकडे चालायला लागली.