पानांची परीक्षा

ऐनाच्या पानाच्या मागच्या बाजूला, देठाजवळ, मधल्या शिरेवर दोन गाठी असतात. मोहरीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. बोट फिरवलं की लगेच लागतात. त्या दुपारी मी ब्लेडने त्या खरवडल्या, जागेवर थोडं मेण घासलं आणि पान ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. अप्पांनी नापास व्हावं म्हणून.

अप्पा माझे वडील. धारवाडच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि दर डिसेंबरात जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन ते दांडेलीजवळ कुळगीच्या जंगलात जात. आधी उघड्यावर मुक्काम असे, पुढे वनखात्याच्या तंबूंत. तीन दिवस पायी भटकायचं. सगळं ठरवायची बैठक आमच्या मळमड्डीच्या घरी, नोव्हेंबरातल्या एका रविवारी. ज्याला यायचं त्याने डोळ्यांवर पंचा बांधून चार पानं ओळखायची, हा अप्पांचा नियम. एक जरी चुकलं तरी त्या वर्षी जंगल नाही. बारा वर्षांची असताना मी किंजळाच्या पानाला ऐन म्हणाले. माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. "जंगलात अंदाज चालत नाही," अप्पा म्हणाले आणि मला घरी ठेवून गेले. आईने माझ्यासाठी दोनदा रदबदली केली, म्हणून तिलाही ठेवून गेले. पुढे मी वनस्पतिशास्त्र घेतलं, तेच कॉलेजात शिकवते. त्यानंतर माझं एकही पान चुकलेलं नाही.

२००३ साली अप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आदल्या डिसेंबरात कॅम्पमध्ये सकाळचा चहा पिऊन ते निघाले आणि चार तासांनी एका कोरड्या ओढ्यात सापडले. पायांत चपला नव्हत्या. हुबळीची बस कधी येते, असं त्यांनी गार्डला विचारलं. जूनमध्ये डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि पुढे काय काय जाईल तेही क्रमाने सांगितलं. अप्पांना आता न्यायचं नाही, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. त्यांना सांगायचं कुणी, एवढंच राहिलं होतं. परशुराम त्यांचा सगळ्यांत जुना विद्यार्थी; दाजीबानपेठेत त्याचं कापडाचं दुकान. त्याने मला तीनदा फोन केला. तू मुलगी आहेस, तूच सांग, म्हणाला. मी पाच महिने सांगितलं नाही. मग वाटलं, त्यांचा नियमच त्यांना सांगू दे.

बैठकीला सहाजण आले. अप्पा खुशीत होते. परशुरामाच्या पोटाकडे बघत त्यांनी विचारलं, याच्या पोटाला वेगळा तंबू सांगायचा का. सगळे हसले. थोड्या वेळाने त्यांनी तेच पुन्हा विचारलं आणि सगळे पुन्हा हसले. तिसऱ्यांदा फक्त परशुराम हसला.

यंदा सुरुवात अप्पांपासून, असं मी म्हणाले. बाकीच्यांनी आपापल्या कपांत बघितलं. अप्पांनी मान पुढे केली, मी पंचा बांधला.

पहिली तीन पानं किंजळाचं, जांब्याचं आणि कुंभ्याचं. मी मुद्दाम कोवळी, अजून पुरता आकार न आलेली निवडली होती. अप्पांनी ती नाकाशी नेली, अंगठ्याने कडा तपासल्या आणि बरोबर सांगितली. चौथं पान त्यांनी उलटं केलं. अंगठा देठाजवळ गेला, मागे आला, पुन्हा गेला. चुका, अप्पा, असं मी मनात म्हणत होते. अगदी स्पष्ट, याच शब्दांत.

"ऐन," अप्पा म्हणाले. "गाठी कुणीतरी खरवडल्यात. डावीकडची जराशी राहिलीय." मग हसले. "परशा, हे तुझंच काम. इतकी वर्षं कापड फाडतोस, अजून हात बसला नाही होय रे गाढवा?"

"माझंच, सर," परशुराम म्हणाला.

लोक टाळ्या वाजवायला लागले. वनखात्याला पाठवायच्या अर्जावर कुणीतरी पहिलं नाव अप्पांचं लिहून टाकलं. मी पंचा सोडला. अप्पांनी डोळे चोळले, सगळ्यांकडे एकदा बघितलं, समोरची पानं बघितली आणि पंचा माझ्या हातातून घेतला.

"चला. आज पहिला कोण बसतोय?"

परशुराम उठून पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्याजवळ आला. फडक्यात अजून पानं होती, ती त्याने बघितली होती.

"पुन्हा घे," तो हळूच म्हणाला. "त्यांना कुठे आठवतंय? दोन-चारदा घेतलीस की चुकतील कधीतरी."

तो म्हणत होता ते खरं होतं. संध्याकाळपर्यंत ते चुकलेच असते. अप्पा पंच्याची घडी करून वाट बघत होते, कुणाच्या डोळ्यांवर बांधायचा म्हणून. मी फडकं गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं आणि त्यांच्यासमोर बसले.

"अप्पा, परीक्षा झाली. तुमची चारही पानं बरोबर आली. तरी तुम्हाला कुळगीला न्यायचं नाही. यंदा नाही, पुढेही नाही."