शरदिनीकाकूंना पलीकडे न्यायचं होतं

काशीला आल्यापासून माझा रविवार ठरलेला आहे. सायकल बाहेर काढायची, चाकांत हवा आहे का बघायची, ती नसतेच, ती भरायची आणि घरमालकांची कामं करत शहरभर हिंडायचं. मी मूळचा अकोल्याचा. बँकेनं मला इकडे पाठवलं तेव्हा आई रडली. बाबा म्हणाले, लोक तिथे पोचायला म्हातारपणाची वाट बघतात, आपला ओजस पंचविशीतच निघाला. ते अभिनंदन होतं का, हे मी अजून ठरवलेलं नाही.

घरमालक म्हणजे बिंदुमाधवकाका आणि शरदिनीकाकू. घर ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत, वरची खोली माझी. काकांच्या कितीतरी पिढ्या इथल्याच, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळली आहे की वेगळी काढायला गेलं तर वाक्य पडतं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पिंडदानं ते करतात. वर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतलाय, म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. मुलीचं, अवनीचं, लग्न पुण्यात झालं तेव्हा काकांनी ते फोनवर पाहिलं आणि मंगलाष्टकं संपल्यावर स्क्रीनवर अक्षता टाकल्या. काकूही इथेच राहिल्या, कारण काका उपाशी राहिले असते. त्या गुहागरच्या. नेम काकांचा होता, अडकली दोघंही.

दिवाळीनंतर काकू अंथरुणाला खिळल्या. मूत्रपिंडं गेली होती. डायलिसिस नको, असं त्यांनीच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच राहू द्या. काशीतले डॉक्टर हे वाक्य जरा उत्साहानंच म्हणतात.

कारण इथला समज असा, की काशीत जो मरतो त्याच्या उजव्या कानात खुद्द महादेव तारक मंत्र सांगतात आणि तो माणूस सुटतो. परत जन्म नाही. गंगेच्या पलीकडच्या काठावर मरणारा मात्र पुढच्या जन्मी गाढव होतो. मोक्ष आणि गाढव यांच्यामध्ये फक्त एक पूल आहे, आणि त्यावर बहुतेक वेळा ट्रॅफिक जाम असतो.

काका तयारीत होते. काकूंना ते डाव्या कुशीवर निजवायचे, म्हणजे उजवा कान वर, मोकळा. काका खोलीबाहेर गेले की काकू कूस बदलायच्या. हे मी अनेकदा पाहिलं होतं. मला वाटायचं, पाठ दुखत असेल.

शनिवारी संध्याकाळी दूध द्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं. उद्या काका अहिल्याबाई घाटावर असतील, म्हणाल्या, सांगलीची मंडळी आहेत, दुपार तरी होईल. तेवढ्यात मी एक टोटो ठरवावी आणि त्यांना राजघाटच्या पुलावरून पलीकडे न्यावं. टोटो म्हणजे आपली ई-रिक्षा. मी विचारलं, पलीकडे काय आहे? काही नाही, म्हणाल्या. मग थोड्या वेळानं त्यांनी मला सांगितलं.

“एक जन्म मिळाला, तो दुसऱ्यांच्या मेलेल्यांना जेवायला घालण्यात गेला. रोज वडे, खीर, वर पिंडांचा भात. आता हे म्हणतात, झालं, सुटलीस, परत यायचं नाही. अरे, मी आले कधी होते?”

मी गाढवाची आठवण करून दिली.

“गाढवाला कोणी खीर करायला सांगत नाही,” काकू म्हणाल्या.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग मी हो म्हणालो. मी सगळ्यांना हो म्हणतो. बँकेत याला ग्राहकसेवा म्हणतात.

सकाळी काकांनीही चहाबरोबर कामं सांगितली. मंजिऱ्या असलेली तुळस आणायची. चंदनाचा तुकडा, खरा बघून. एक सुती पातळ, बनारसी नको, ते नीट जळत नाही. आणि अंत्येष्टी करणाऱ्या नरहरशास्त्र्यांना सांगून ठेवायचं, की हाक मारली की लगेच या. आतून काकूंनी हाक मारून मिक्सरचं भांडं दुरुस्तीला न्यायला सांगितलं. टोटोचं डोळ्यांनी सांगितलं.

तर अशा रीतीनं एका सायकलवर एकाच बाईचा मोक्षही होता आणि त्यातून सुटकाही. मोक्षाचं सामान पुढच्या टोपलीत, मिक्सरचं भांडं मागे कॅरिअरला.

जानेवारीचं ऊन नुकतंच निघालं होतं. अशा दिवशी सायकल चालवायला फार बरं वाटतं, आणि तसं वाटल्याचं जरा वाईटही वाटतं. मैदागिनला कचोरी आणि जिलबी खाल्ली. विश्वेश्वरगंजात चंदनवाल्यानं विचारलं, पूजेसाठी की चितेसाठी? मी म्हणालो, अजून ठरायचंय. त्यानं मान डोलावली आणि दोन्हीला चालेल असा तुकडा दिला. लहुराबीरला भांड्याचं पातं बदलायला टाकलं. दुकानदारानं उद्या यायला सांगितलं, आणि मी पावतीवर काकूंच्याऐवजी माझं नाव घालायला लावलं. नरहरशास्त्री गच्चीवर अंगाला तेल लावून बसले होते. तयारच आहे, म्हणाले. एवढ्या तयार माणसाला तोंड दाखवणं मला जड गेलं.

मग टोटो शोधायला लागलो. मी खरं सांगायची चूक केली. पहिला टोटोवाला म्हणाला, बाहेरून मरायला आलेले आम्ही रोज आणतो, इथला मरणारा बाहेर नेला तर सात जन्म पाप लागेल. दुसऱ्यानं विचारलं, म्हातारीशी काही वैर आहे का? तिसऱ्यानं माझा फोटो काढला. चौथा लल्लन. त्याला मी पलीकडच्या हॉस्पिटलात न्यायचंय म्हणून सांगितलं, आणि तो लगेच तयार झाला. इथे आजारी माणसाला वाचवायला नेणं हे नाइलाजाचं काम मानतात, पाप नाही.

गल्लीत टोटो शिरत नाही. मी आणि लल्लननं काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, अंगाभोवती रजई गुंडाळली आणि खुर्ची उचलली. त्यांचं वजन जवळजवळ नव्हतंच. रजईचंच असावं. गल्लीच्या वळणावर समोरून काका आले.

ते इतक्या लवकर यायचे नव्हते. पण सांगलीचे दोन भाऊ वडिलांच्या पिंडाला आधी हात कोणी लावायचा यावरून भांडले आणि वडिलांना अर्धवट सोडून लॉजवर निघून गेले. काकांच्या खांद्यावर ओलं धोतर होतं.

“कहाँ?” त्यांनी विचारलं.

लल्लन म्हणाला, “हॉस्पिटल, पंडितजी.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हॉस्पिटलचं नाव शोधायला लागलो. तेवढ्यात काकू बोलल्या, मराठीत, म्हणजे लल्लनला कळू नये म्हणून.

“अहो, हॉस्पिटल नाही. मी पलीकडे मरायला चाललेय.”

काकांनी धोतराची घडी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग अगदी हळू म्हणाले, “आणि मी इतकी वर्षं इथे कुणासाठी थांबलो?”

“तुमच्यासाठी,” काकू म्हणाल्या. “मी कुणासाठी थांबले, ते विचारा.”

काकांनी ते विचारलं नाही. काकूंनीच पुढे सांगितलं, फार जोर न लावता, की अवनीच्या लग्नाच्या दिवशी इथे कुणा परक्याचं वर्षश्राद्ध होतं आणि त्या सकाळपासून वडे तळत होत्या. वरातीचा फोन आला तेव्हा हाताला पीठ होतं, म्हणून फोन त्यांनी कोपरानं उचलला होता. आपण रागावलेलो नाही, फक्त अजून एकदा येऊन बघायचंय, असंही म्हणाल्या. गाढव होऊन का होईना.

आमच्यामागे एक स्कूटरवाला अडकला होता. तो म्हणाला, पंडितजी, जो भी है, आगे बढ़ाइए. आम्ही चौघं आणि एक खुर्ची मिळून अख्खी गल्ली बंद केली होती.

काकांनी धोतर कमरेला खोचलं आणि खुर्चीचा एक पाय धरला. “पुलापर्यंत येतो,” म्हणाले. “पुढे मला येता येणार नाही.”

“माहीत आहे,” काकू म्हणाल्या.

टोटोत काका मागे बसले आणि काकूंना त्यांनी मांडीवर आडवं घेतलं. मी सायकलवर पुढे, घंटी वाजवत. मंत्र्याच्या ताफ्यापुढे मोटारसायकल असते, तसा. फक्त माझी चेन मधेच उतरायची आणि ताफा थांबायचा.

राजघाटाच्या चढावर सगळं अडलं. पुलावरून चंदौलीकडची माणसं येत होती, जीपच्या टपावर बांबूला बांधलेलं प्रेत, मागे दाटीवाटीनं बसलेले नातेवाईक. एक जीप गेली, मागून ट्रॅक्टर, मग एक टाटा मॅजिक गाडी. राम नाम सत्य है म्हणत सगळे मणिकर्णिकेकडे उतरत होते, आणि आम्ही एकटेच उलट्या दिशेला तोंड करून उभे. हवालदारानं टोटोत डोकावून पाहिलं.

“माताजी को उधर काहे ले जा रहे हैं? सब तो इधर ला रहा है.”

लल्लन म्हणाला, हॉस्पिटल. हवालदारानं खेदानं मान हलवली, जणू आम्ही जेवणाच्या पंगतीतून उठून बिस्किट घ्यायला चाललो होतो. पण त्यानं शिट्टी फुंकून एक ट्रॅक्टर मागे घ्यायला लावला. ट्रॅक्टर मागे गेला आणि दुसऱ्या जीपला लागला. मग त्या दोन्ही प्रेतांच्या नातेवाइकांचं भांडण सुरू झालं.

“आला का पूल?” काकूंनी विचारलं.

“आला, आला,” काका म्हणाले. तो आला नव्हता. पुलाचा खांब समोर दिसत होता, पण आमच्या आणि त्याच्यामध्ये ते भांडण होतं.

काकूंनी पुन्हा विचारलं नाही. मी सायकल टोटोला टेकवून उभा होतो. काका त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होते, आणि फिरवता फिरवता तो हात थांबला. बराच वेळ तो तिथेच होता. मग त्यांनी रजईची कड काकूंच्या गळ्याशी नीट खोचली, थंडी लागू नये अशी, आणि मला कळलं.

लल्लनला माझ्यानंतर कळलं. त्यानं दोन्ही हात कानाला लावले आणि त्याचा चेहरा उजळला. अम्मा काशीतच गेल्या, म्हणाला, पुलाच्या अलीकडे, किती भाग्याच्या, हॉस्पिटलची झंझटही वाचली. हवालदारानं टोपी काढली. भांडणारे भांडायचे थांबले आणि एकेक जण येऊन हात जोडून जायला लागला. कोणीतरी काकांचं अभिनंदन केलं. चंदौलीच्या एका म्हातारीनं काकूंच्या पायांना हात लावून तो डोळ्यांना लावला. ट्रॅक्टर आपणहून बाजूला झाला. गर्दीत वाट मोकळी झाली. लल्लननं टोटो मागे वळवायला हँडल फिरवलं.

“सीधे चलो,” काका म्हणाले.

“पंडितजी, अब हॉस्पिटल में...”

“सीधे.”

मी म्हणालो, काका, तुम्ही इथे उतरणार होतात. ते म्हणाले, “तिला सांगितलंय, पूल आला म्हणून.”

टोटो पुलावर चढली. मी मागून सायकल मारत होतो. खालून रेल्वे गेली तेव्हा सगळा पूल थरथरला आणि टोटोच्या मागच्या फटीतून मला काकूंचा एक पाय दिसला. मोजा घातलेला, हलत होता. पुलामुळे. मी तेवढ्या वेळात दोनदा हाक मारली, ते कुणाला सांगितलेलं नाही.

पलीकडे पडावला एक चहाची टपरी आहे, तिच्यापुढे थांबलो. काका खाली उतरले. कितीतरी वर्षांनी काशीबाहेर पाऊल टाकणारा माणूस काय करतो, मला बघायचं होतं. त्यांनी चप्पल झटकली. आजूबाजूला पाहिलं. एक पंक्चरवाला, एक बकरी, कोंबड्यांची जाळी. गाढव मीही शोधलं. नव्हतं.

“काहीच झालं नाही,” काका म्हणाले. त्यांना काय व्हायला हवं होतं, मी विचारलं नाही. ते परत टोटोत जाऊन काकूंशेजारी बसले, त्यांचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं आणि समोर नदीपलीकडे काशी दिसत होती तिकडे बघत राहिले. तिथून ती धुरकट दिसते. लल्लन टपरीच्या बाकावर पाठ करून बसला होता. हॉस्पिटल दिसत नाही, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. मी सायकलची चेन बसवत होतो. ती उतरलेली नव्हती.

मग मी नको ते बोललो. काकू तर अलीकडेच गेल्या, म्हणजे सुटल्या. आणि तुम्ही मात्र नेम मोडून इथे. म्हणजे दोघांचंही उलटंच झालं.

काकांनी थोडा विचार केला. श्राद्धातल्या एखाद्या अडचणीवर करतात तसा, शास्त्राला धरून.

“उजवा कान माझ्या छातीशी होता,” ते म्हणाले. “वर ते ट्रॅक्टरवाले ओरडत होते. महादेवांनी सांगितलं असेल, नाही म्हणत नाही मी. पण हिनं ऐकलं नसेल. इतक्या वर्षांत हिनं कुणाचं ऐकलंय?”

मग त्यांना रडू आलं. मी चहा आणायला गेलो, आणि चहावाल्यानं किती, असं विचारल्यावर चार म्हणून बसलो.

परतताना आम्ही बरोबर दिशेला होतो. जीप आणि ट्रॅक्टरांच्या रांगेत लल्लननं टोटो घातली. आम्हाला कोणी अडवलं नाही, काही विचारलं नाही. पुलाच्या मध्यावर रांग थांबली तेव्हा काकांनी मला जवळ बोलावलं. मी सायकल ढकलत टोटोशेजारी गेलो.

“माझ्या वेळेला लवकर नीघ,” ते म्हणाले. “आणि रविवार नको. फार गर्दी असते.”

मी हो म्हणालो. शुक्रवारीच माझी अकोल्याला बदली झाली होती.